नव्या धनुष्यावर ओरखडा निघाला तर जबाबदारी कोणाची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलीसाठी भारतातल्याच एका दुकानातून ऑनलाइन रिकर्व्ह धनुष्य मागवलं, ते चार दिवसांपूर्वी आलं. राइजरवर, म्हणजे धनुष्याच्या हातात धरायच्या मधल्या भागावर, ग्रिपच्या वर ओरखडा आहे आणि एका लिम्बच्या, म्हणजे राइजरला जोडायच्या वाकणाऱ्या पातीच्या, कडेला रंगाखाली फुगीर ठिपका दिसतो. दुकानदार म्हणतो, 'हे कॉस्मेटिक आहे, वॉरंटीत बसत नाही, कंपनीला विचारा.' कंपनी म्हणते, दुकानदाराशी बोला. मुलीचे सर बाहेरगावी असल्यामुळे धनुष्य अजून जोडलेलं नाही.

जबाबदारी दुकानदाराची आहे. आणि धनुष्य जोडलेलं नाही ही तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, तेव्हा मुलगी कितीही मागे लागली तरी स्ट्रिंग चढवू नका.

मी मुलांची धनुष्यं जोडून, ट्यून करून देते, त्यामुळे हा वाद माझ्यासमोर वारंवार येतो. दर वेळी गफलत एकाच ठिकाणी होते: वॉरंटी आणि विक्री या दोन गोष्टी एकच धरल्या जातात. वॉरंटी हे कंपनीने आपणहून दिलेलं वचन. लिम्बचे थर सुटून तो उलगडला, राइजर तडकला तर ती बदलून देते, आणि दिसण्यातले दोष ती बहुतेक वेळा वगळते. ते तिने वगळावं, हरकत नाही. पण तुम्ही पैसे दिले ते ज्याच्या नावाचं बिल आहे त्याला, आणि त्याने 'नवीन' म्हणून माल विकला. तो माल नव्यासारखा असणं हा तुमचा आणि त्याचा व्यवहार आहे. वॉरंटीचा कागद पुढे करून तो त्यातून सुटत नाही.

१९३० च्या माल विक्री कायद्यात हे सरळ लिहिलेलं आहे. न बघता घेतलेला माल हातात आल्यावर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं धरत नाहीत. स्वीकारला असं धरतात ते तीन प्रकारे: तुम्ही तसं कळवलंत, माल स्वतःचा म्हणून वापरलात, किंवा नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तसाच ठेवून घेतलात. एकदा स्वीकारला की परत करायचा हक्क साधारणपणे जातो, उरते ती नुकसानभरपाई. म्हणून चार बाण मारून बघू आणि मग बोलू, असं करू नका. हेच धनुष्य तुम्ही दुकानात जाऊन, हातात घेऊन, उलटसुलट बघून आणलं असतं तर समोर दिसणाऱ्या ओरखड्याबद्दल नंतर भांडता आलं नसतं, हेही त्याच कायद्यात आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्याही रुंद आहे. विक्रेत्याने मालाबद्दल जो दावा केला त्यात जी उणीव निघेल, तीही दोषात येते. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर काय छापलंय ते आज वाचा.

आता लिम्बकडे वळू, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. दुकानदाराने ओरखडा आणि ठिपका एकाच शब्दात गुंडाळले, ते मला मान्य नाही. असा राइजर बहुधा अखंड अॅल्युमिनियमचा असतो. त्यावरच्या अॅनोडायझिंगला, म्हणजे धातूवरच्या रंगीत संरक्षक थराला, चरा गेला तर ताकदीत काही फरक पडत नाही. लिम्ब मात्र थरांचा असतो: मध्ये लाकूड किंवा फोम, दोन्ही अंगांना फायबरग्लास किंवा कार्बन, सगळं चिकटवलेलं. प्रत्येक बाणाला तो वाकतो आणि झटक्यात सरळ होतो. रंगाखालचा फुगवटा हा नुसता वार्निशमधला हवेचा बुडबुडा असू शकतो, किंवा थर सुटायला लागल्याची खूण. स्ट्रिंग तोंडापर्यंत ओढलेली असताना लिम्ब उलगडला तर इजा मुलीला होईल.

घरी एवढं बघा. ठिपक्यावरून नख फिरवा, कड लागते का. कापसाचा बोळा लिम्बच्या दोन्ही कडांवरून सावकाश ओढा, तंतू अडकले तर तिथे चीर आहे. त्या जागेवर आणि दुसऱ्या लिम्बच्या त्याच जागेवर नखाने टकटक करून आवाज ताडून बघा, एकीकडे पोकळ वाजलं तर गंभीर समजा. कड उजेडात धरून थरांच्या रेषा सलग आहेत का पाहा. यातलं काहीही सापडलं तर विषय कॉस्मेटिक राहत नाही, तो बहुधा कंपनीच्या वॉरंटीतही बसतो, आणि तो लिम्ब कुणी वाकवून बघू नये, सरांनीसुद्धा. काहीच सापडलं नाही, तरी ठिपका वाढला तर लिम्ब बदलून देऊ असं दुकानदाराकडून लेखी घ्या. बाण घेतले असतील आणि कार्बनच्या नळीवर चरा असेल, तर तिथेही दिसण्याची भाषा ऐकून घेऊ नका.

राइजरबद्दल एक शंका आहे, ती फिटवून घ्या. लिम्ब जिथे सरकतो ती खाच, लिम्ब बोल्टचं डोकं, साइट (नेम धरायचं साधन) बसवायची भोकं आणि प्लंजरचे (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खिळीचे) आटे बघा. तिथेही रंग घासलेला असेल तर तो राइजर बहुधा दुकानात दाखवायला ठेवलेला किंवा कुणीतरी वापरून परत केलेला आहे. मग ओरखड्याची चर्चाच सोडा, वापरलेला माल नवीन म्हणून विकल्याची तक्रार करा.

दुकानदाराच्या बाजूनेही सांगते. अॅनोडायझिंग करताना भाग ज्या ठिकाणी टांगतात तिथे बारीकसा बिनरंगाचा ठिपका राहतो. राइजर आणि स्टॅबिलायझरच्या (तोल सांभाळायच्या दांडीच्या) रंगछटेत किंचित फरक पडतो. स्टिकर जरा तिरका बसतो. यासाठी धनुष्य परत पाठवून मुलीचा हंगाम वाया घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद बेअरबोचा, म्हणजे साइट न लावता मारायच्या प्रकाराचा: तिथे विंडोजवळची (ग्रिपच्या वरच्या, नेम धरताना समोर येणाऱ्या मोकळ्या जागेजवळची), नेम धरायला उपयोगी पडू शकेल अशी खूण नियमातच बसत नाही, आणि ओरखडाही खूणच असतो.

पेटी उघडतानाचा व्हिडिओ नाही म्हणून दावा नाही, असंही तुम्हाला ऐकवतील. कायद्याने असा व्हिडिओ बंधनकारक केलेला नाही. तो पुरावा म्हणून उत्तम, पण पेटी, आतलं पॅकिंग, लेबल आणि दोषाचे चांगल्या उजेडातले फोटो हाही पुरावाच. पेटी फेकू नका. ओरखडा वाहतुकीत पडला असेल, तरी ते कुरियर आणि दुकानदाराने आपसात निस्तरावं.

फोनवर बोलणं थांबवा आणि आजच ईमेल करा. मागणी एकच, नेमकी ठेवा: राइजर बदलून द्या, आणि लिम्ब बदला किंवा तपासून लेखी द्या. उत्तराला सात दिवस द्या. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पण एका ओरखड्यासाठी तिथवर जावं असं मला वाटत नाही. लिम्बसाठी मात्र जरूर जा.

दुकानदार बहुधा थोडी रक्कम परत करायची तयारी दाखवेल. ओरखडा मुलीला खुपत नसेल तर राइजरपुरती ती घ्या, पण पावतीवर लिहून घ्या की ही सूट फक्त राइजरवरच्या ओरखड्यापोटी आहे, बाकी सगळे हक्क कायम आहेत. लिम्बच्या ठिपक्याबद्दल पैसे घेऊन गप्प बसू नका. कडेचा जवळून काढलेला फोटो इथे टाकलात तर मी बघून सांगेन.