लेकीला अंतराळात जायचंय, क्लासला पैसे भरू का?

पाथर्डी तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मॅडम, मी अंगणवाडी सेविका आहे. यांची साडेतीन एकर शेती, डाळिंब आणि कांदा. मुलगी दहावीत आहे. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले ते शाळेत मोठ्या पडद्यावर दाखवलं, तेव्हापासून एकच धरून बसलीय, मला तिथं जायचंय. गणित-विज्ञान चांगलं आहे, इंग्रजी बोलायला लाजते. आठवीपासून चष्मा आहे. घरात काही बिघडलं की तीच उघडून बसते, ठिबकचा फिल्टर तर तीच साफ करते. नगरच्या एका क्लासवाल्यांनी अंतराळवीर फाउंडेशन म्हणून दोन वर्षांचे ८५ हजार सांगितलेत, शेवटी प्रमाणपत्र देतात म्हणे. सोनं मोडून भरायची तयारी आहे. भरू का? आणि आमच्यासारख्यांची मुलगी खरंच तिथं जाऊ शकते का?"

ताई,

आधी पैशांचं बोलते, कारण क्लासवाल्यांनी तारीख दिलेली असणार. भरू नका. सोनं तर मुळीच मोडू नका. असलं प्रमाणपत्र यूपीएससी मागत नाही, हवाई दल मागत नाही, इस्रो मागत नाही. पुढच्या दोन वर्षांत तिला जे शिकायचंय ते अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि गणितात आहे. त्यात कुठं अडलं तर त्या विषयाची साधी शिकवणी लावा, तेवढं पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न. जाऊ शकते. पण किती वर्षांनी, हे तिला आजच कळू द्या. शुभांशू शुक्ला लखनौचे. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून शिकून जून २००६ मध्ये ते हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले. सुखोई, मिग, जग्वार अशी विमानं, सुमारे २००० तासांचं उड्डाण, टेस्ट पायलटचं, म्हणजे विमानांच्या चाचण्या घेण्याचं काम. गगनयानसाठी, म्हणजे माणसं अंतराळात पाठवायच्या भारताच्या स्वतःच्या मोहिमेसाठी निवड झाल्यावर रशियात स्टार सिटीला प्रशिक्षण, बंगळुरूच्या आयआयएससीतून एमटेक. २५ जून २०२५ ला फ्लोरिडातून ॲक्झिऑम-४ मोहिमेचं यान उडालं तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. १९ वर्षांची नोकरी आणि अंतराळात २० दिवस, त्यातले १८ स्थानकावर.

त्यांच्याच जोडीला प्रशांत नायर होते. तेही गगनयानच्या चौघांपैकी एक. ॲक्झिऑम-४ साठी राखीव म्हणून त्यांनीही तयारी केली आणि यान उडालं तेव्हा ते जमिनीवर होते. त्यांचंही नाव तिला सांगा, कारण त्यांची तयारी शुक्लांपेक्षा कमी नव्हती.

म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी 'करिअर' या रकान्यात 'अंतराळवीर' लिहू देत नाही. त्याच्या आधीचा पेशा लिहायला लावते. स्थानकावर जी माणसं जातात ती वैमानिक असतात, डॉक्टर असतात, इंजिनिअर, जीवशास्त्रज्ञ असतात, आणि त्या पेशात दहा-पंधरा वर्षं मुरलेली असतात. जागा कधीच मिळाली नाही तरी जे काम करायला तिला रोज सकाळी उठून जावंसं वाटेल, ते काम आधी शोधायचं. शुक्लांच्या मोहिमेच्या कमांडर पेगी व्हिटसन बघा. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या, बायोकेमिस्ट्रीत पीएचडी. नासाकडे त्या जवळपास दहा वर्षं अर्ज करत राहिल्या आणि नकार घेत राहिल्या. १९९६ मध्ये निवड झाली, २००२ मध्ये पहिल्यांदा स्थानकावर गेल्या तेव्हा वय ४२. अर्ज करण्याची ती सगळी वर्षं त्या संशोधनाचं काम करत होत्या, निवडीची वाट बघत बसल्या नव्हत्या. पुढे त्याच स्थानकाच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या. आज त्यांचे अंतराळातले दिवस ६९५ भरतात. इतके दुसऱ्या कुणाही अमेरिकन अंतराळवीराचे नाहीत.

तुमच्या पत्रातलं ठिबकच्या फिल्टरचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. का, ते सांगते.

१६ जुलै २०१३. इटलीच्या हवाई दलातले टेस्ट पायलट लुका पार्मितानो अंतराळ पोशाख घालून स्थानकाच्या बाहेर काम करत होते, सोबतीला अमेरिकेचे ख्रिस कॅसिडी. पाऊण तास होत आला असेल, पार्मितानोंना डोक्याच्या मागच्या बाजूला ओल लागली. तिथं पाणी खाली ओघळत नाही, जिथं लागेल तिथं चिकटून पसरत जातं. ते डोक्यावरून पुढे आलं, डोळ्यांवर आलं, मग नाकावर. कानांतही गेलं, त्यामुळे रेडिओवरचं नीट ऐकू येईना. त्यातच सूर्य मावळला. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं, तिथली रात्र अशी झटक्यात येते. न दिसता, न ऐकू येता परतायचं होतं. पोशाखाला सुरक्षेची तार अडकवलेली असते आणि तिचं रीळ तिला हलकेच ओढून धरतं. त्या ओढीच्या अंदाजानं, हातानं चाचपडत ते दारापर्यंत पोचले. आत हवा भरेपर्यंत हेल्मेट काढता येत नव्हतं. कॅसिडींनी त्यांचा हात दाबला, त्यांनी उलट दाबून ठीक असल्याचं कळवलं. हेल्मेट निघालं तेव्हा लिटर-दीड लिटर पाणी आत शिरलेलं होतं. सहकाऱ्यांनी ते टॉवेलनं टिपलं.

कारण काय निघालं? पोशाखात हवेतलं पाणी वेगळं करणारा एक भाग असतो, त्याची बारीक भोकं गाळानं बुजली होती. तुमच्याकडे ड्रीपरचं तोंड क्षारानं बुजतं, तसंच. आणि आठवडाभर आधी, ९ जुलैला बाहेर जाऊन आल्यावरही त्याच हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. पिण्याच्या पिशवीतून गळलं असेल, असं मानून तो विषय तिथंच सोडला गेला. चौकशी समितीनं नेमकं त्यावर बोट ठेवलं.

ही हकिगत तिला वाचून दाखवा आणि विचारा, ९ जुलैला तू काय तपासलं असतंस? ती काय उत्तर देते ते ऐकायला मला फार आवडेल.

टीव्हीवर आपल्याला तरंगणारी माणसं दिसतात. प्रत्यक्षात स्थानक म्हणजे ४०० किलोमीटर उंचीवरचं एक जुनं, सतत दुरुस्ती मागणारं घर आहे. २ नोव्हेंबर २००० ला तिथं पहिली तुकडी राहायला गेली, तेव्हापासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. एरवी सात माणसं, साधारण सहा-सहा महिन्यांच्या मोहिमा. रोज दोन तास व्यायाम, नाहीतर हाडं आणि स्नायू झिजतात. बाकीचा वेळ प्रयोग, साफसफाई, दुरुस्ती. लघवी आणि घामाचं पाणी शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवड्याभरासाठी निघाले तेव्हा स्थानकावरचा लघवी शुद्ध करणारा पंप बिघडला होता. नवा पंप यानात बसवायचा म्हणून या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या गेल्या. मग यानाच्या बिघाडामुळे आठवड्याचे २८६ दिवस झाले, आणि त्यात सुनीता विल्यम्स मोहीम ७२ च्या कमांडर झाल्या. जो माणूस आपल्या बॅगेपेक्षा पंप आधी असं न कुरकुरता म्हणू शकतो, त्याचं तिथं निभतं.

आता वाटा. एनडीएच्या हवाई दल शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. यूपीएससीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत, वैद्यकीय तपासणी. वैमानिक होण्याचा कल आहे का हे तपासणारी संगणक चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून ती नुसती बघू म्हणून द्यायची नाही. मुलींची पहिली तुकडी एनडीएत २०२२ मध्ये दाखल झाली, मे २०२५ मध्ये १७ जणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलींसाठी नाशिकला सुरू झाली आहे. तिथला अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो, तेव्हा या वर्षीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. हे हुकलं तर पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे.

इथं माझी एक चूक सांगते. २०१६ च्या सुमारास एका मुलीनं मला एनडीएबद्दल विचारलं होतं. मुलींना प्रवेश नाही, विषय सोड, असं मी तिला सांगितलं. तेव्हाचा नियम तोच होता, पण एएफकॅटचं दार उघडं होतं आणि त्याच वर्षी हवाई दलाला पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक मिळाल्या होत्या. तेवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीएची परीक्षाही मुलींना खुली झाली, तेव्हा ती बँकेच्या परीक्षा देत होती. त्यानंतर आजच्या नियमावरून कुणाच्या पुढच्या वीस वर्षांचं मी बोलत नाही. तुमच्या लेकीच्या बाबतीत तर नाहीच, कारण भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलं आहे. तेव्हा ती पंचविशीत असेल, आणि ते चालवायला वैमानिकांशिवाय कितीतरी माणसं लागतील.

चष्म्याचं म्हणाल तर हवाई दलात वैमानिक व्हायला दृष्टीचे निकष कडक आहेत. ते यूपीएससीच्या जाहिरातीला जोडलेले असतात, त्याची प्रत काढून नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि स्पष्ट उत्तर घ्या. ते उत्तर 'नाही' आलं तर एक वाट बंद झाली एवढंच. स्थानकावर चष्मा लावणारी माणसं राहिली आहेत. उलट लांबच्या मुक्कामात डोळ्यांचा नंबर बदलतो, म्हणून सोबत जास्तीचे चष्मे नेतात.

मग उरलेल्या वाटा मला तितक्याच जवळच्या वाटतात. जेईई ॲडव्हान्स्डवरून तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ तंत्रज्ञानाच्या संस्थेत एरोस्पेस किंवा इलेक्ट्रॉनिक्स. एमबीबीएस करून पुढे हवाई व अंतराळ वैद्यक, त्याची हवाई दलाची संस्था बंगळुरूत आहे. शुक्लांनी स्थानकावर मेथी आणि मूग रुजवून त्यांचे कोंब फ्रीजरमध्ये ठेवले. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठानं आणि तिथल्याच आयआयटीनं आखलेला होता, म्हणजे कृषी पदवीवरूनही रस्ता तिथवर पोचतो. त्यांनी बरोबर नेलेला आमरस म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेच्या मदतीनं तयार झाला होता, तिथं अन्नतंत्रज्ञ काम करतात. परदेशी संस्थांमधून जायचं तर तिथलं नागरिकत्व लागतं. तो विचार आत्ता नको.

अकरावीला गणित सोडू देऊ नका. मेडिकलकडे कल झाला तरी जीवशास्त्राबरोबर गणित ठेवायचं. नातेवाईक म्हणतील, चार विषयांचा भार कशाला. गणित सुटलं की एनडीएचं हवाई दल आणि आयआयएसटी, दोन्ही दारं एका दिवसात बंद होतात.

इंग्रजीची लाज जाईल. शुक्लांबरोबरचे दोघे पोलंड आणि हंगेरीचे होते, त्यांचीही ती मातृभाषा नाही. तिला एक वही द्या. पुढच्या वेळी फिल्टर उघडेल तेव्हा तारीख, काय बिघडलं होतं, आत काय सापडलं, काय केलं, हे तिनं आधी मराठीत आणि खाली चार ओळी इंग्रजीत लिहायचं. चुकलं तरी चालेल, खाडाखोड राहू दे. स्थानकावरची दुरुस्तीही अशीच पायरी-पायरीनं, लिहिलेल्या सूचनांवरून होते.

तुमचं पत्र फार मोकळं होतं, ताई. पुढचं मात्र तिला लिहू द्या. वहीतल्या पहिल्या दोन पानांचा फोटो आणि ९ जुलैच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही त्यात असू द्या. दहावीचे पेपर झाल्यावर पाठवलं तरी चालेल.