आधी घरची वेदी पाड

'सगळीकडे लाचलुचपत, चर्चच्या मंडळीतसुद्धा राजकारण. मग देव आहे कुठे?' असं तू विचारलंस. बायबलातल्या इस्राएली गिदोनानंही हेच विचारलं होतं, तेही शत्रू मिद्यानी लोक लुटतील म्हणून द्राक्षकुंडात लपून गहू झोडताना. बायबलातलं शास्ते हे पुस्तक, अध्याय 6 ते 8 एका बैठकीत वाच.

देवानं त्याला थेट रणात धाडलं नाही. आधी बापाचीच, बआल या परक्या दैवताची वेदी पाडायला लावली. गडी घाबरला, दहा चाकर घेऊन रात्री गेला, पण पाडली. तूही तिथूनच सुरू कर. ऑफिसातलं खोटं बिल, भावाशी धरलेला अबोला. देशाची चिंता नंतर.

मग मिद्यान्यांशी लढायला सैन्य. 32,000 होते. भ्यालेले 22,000 घरी गेले, उरलेल्या 10,000 मधून पाणी पिण्याच्या रीतीवरून देवानं 300 ठेवले. आपल्याच हातानं जिंकलो अशी फुशारकी नको म्हणून. तेव्हा प्रार्थनेला चारच डोकी जमली तर खट्टू होऊ नकोस. (गिदोनानं लोकर पसरून देवाकडे खुणा मागितल्या, तो नाद मात्र लावून घेऊ नकोस.)

आणि आठवा अध्याय गाळू नकोस, बरेच उपदेशक गाळतात. जिंकल्यावर गिदोनानं लुटीतल्या सोन्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) केलं आणि सगळं इस्राएल त्या एफोदाच्याच भजनी लागलं.