सुरबानाना टिपणीस : ठरावानंतरचा नगराध्यक्ष

तुम्ही विचारलंत, कोकणातल्या एखाद्या लहान गावच्या माजी नगराध्यक्षाने पुढच्या पिढ्यांनी नाव घ्यावं असं काही केलंय का, की सगळ्यांची कारकीर्द गटारं नि दिवाबत्तीतच गेली? केलंय. महाडचे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजे सुरबानाना.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत आपलाही ठराव केला. पण चवदार तळ्यावर काही बदललं नाही. सवर्णांचा धाक तसाच राहिला.

ठराव केला, आपलं काम झालं, असं म्हणून नानांना गप्प बसता आलं असतं. ते बसले नाहीत, म्हणून मला हा माणूस मोठा वाटतो. 1927 च्या मार्चमध्ये महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रा. बा. मोरे यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. नाना, अनंतराव चित्रे आणि सहस्रबुद्धे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्या गावाने कागदावर तळं खुलं केलं होतं, त्याच गावात परिषदेसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ते वाचलं की अजून पोटात कालवतं.

20 मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, मागोमाग हजारो प्याले. मग हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि मंडपात जेवणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. तळं पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

लहान गावात रोज त्याच बाजारात, त्याच तोंडांसमोरून जायचं असतं. त्यात नाना आपल्या जागेवरून हलले नाहीत. पुढे स्वतंत्र मजूर पक्षातही ते बाबासाहेबांबरोबर होते. लोकांनी त्यांना 'दलितमित्र' म्हटलं.

महाडला जायचं तर 20 मार्चलाच जा. मागे मी गेलो तेव्हा एक म्हातारी पायऱ्या उतरून आली, आधी ओंजळीने पाणी प्याली, मग नातवाच्या शाळेची बाटली भरून घेतली नि झाकण दोनदा घट्ट करून पिशवीत ठेवली.