मीच जास्त विचार करतोय का?

झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, अशी तक्रार घेऊन नोकरदार माणसं माझ्याकडे येतात. थोडं बोलणं झालं की खरा प्रश्न बाहेर येतो: "कामावर जे चाललंय ते मला खटकतं. बाकी कुणाला काहीच वाटत नाही. मीच जास्त विचार करतोय का?"

असाच एक तरुण आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). गाडीच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो गुणवत्ता तपासणी बघायचा. नमुना नापास झाला की पुन्हा चाचणी घ्यायची, पास झाला की तेवढाच आकडा अहवालात लिहायचा, अशी तिथली रीत.

"पुन्हा चाचणी नियमात बसते," तो म्हणाला.

"आणि पहिला आकडा?"

"कच्च्या वहीत असतो. ते पान फाडतात."

फाडलेल्या पानाविषयी तो प्रथमच कुणाशी तरी बोलत होता. तोवर त्याच्या लेखी हा माल वेळेवर पाठवण्याचा प्रश्न होता. नीतीचे प्रश्न कामाच्या ठिकाणी असेच येतात, मुदतीचे किंवा खर्चाचे होऊन. अ‍ॅन टेनब्रन्सेल आणि डेव्हिड मेसिक या अभ्यासकांनी २००४ साली नेमकं हेच मांडलं: निर्णय निव्वळ धंद्याचा वाटू लागला की त्यातली नैतिक बाजू दिसेनाशी होते. अमेरिकेच्या 'चॅलेंजर' या अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, थंडीत रॉकेटचे रबरी सील दगा देतील म्हणून इंजिनिअर उड्डाण नको म्हणत होते. त्यांच्या वरिष्ठाला सांगण्यात आलं, इंजिनिअरची टोपी काढा, मॅनेजरची घाला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

खटकणारी प्रत्येक गोष्ट नैतिक असतेच असं नाही. आपल्याला डावलून दुसऱ्याला बढती दिली, हेही त्या तरुणाला सलत होतं. ते दुःख खरंच होतं, पण ते आम्ही वेगळं ठेवलं. नाहीतर 'रागापोटी बोलतोय' असं इतरांनी म्हणायच्या आधी त्यालाच वाटलं असतं.

मग मी विचारलं, "ही गाडी जो चालवणार, त्याला तो पहिला आकडा दाखवाल?"

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "नाही दाखवता येणार."

ज्याला झळ बसणार त्याच्यापासूनच लपवावं लागत असेल, तर माझ्या मते शंकेला फारशी जागा उरत नाही. तो जास्त विचार करत नव्हता, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्याने वरिष्ठांना ईमेल केला: अहवालात दोन्ही आकडे द्यायचे ना? आरोप नाही, साधी विचारणा. उत्तर तोंडीच आलं, "आहे तसं चालू दे." हे लेखी द्या म्हटल्यावर कुणी दिलं नाही, पण पानं फाडणं थांबलं. अहवालात अजूनही एकच आकडा जातो. सध्या आम्ही बोलतो ते यावर, की आता याच्याही वर कुणाकडे जायचं, आणि त्यात नोकरी गेलीच तर घरच्यांना आधी काय सांगून ठेवायचं.