दिवेलागणीला रॉयजपाशी

प्रिय मुली,

तुझे ४२ फोटो मिळाले. सावकाश, चहा घेत, दोनदा पाहिले. त्यातल्या ३९ फोटोंत रॉयजची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ॲम्बॉय गावच्या त्या जुन्या मोटेल-कॅफेची, ती पाटी आहे. दोनांत पाटीची सावली आहे. उरलेला एक बहुतेक चुकून निघालाय, त्यात तुझ्या बुटाचं टोक आणि तडे गेलेलं डांबर आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

तू लिहितेस की तिथलं सगळं सगळ्यांनी काढून झालंय, आता नवं काही उरलं नाही, आणि तरी पुन्हा जावंसं वाटतंय. तुझी पहिली तक्रार मी मनावर घेत नाही. पुन्हा जावंसं वाटतंय म्हणतेस, म्हणून हे पत्र. आणि हो, 'सर' नको. काका बरं आहे.

मी ॲम्बॉयला पहिल्यांदा गेलो २००६च्या जानेवारीत, तेही ठरवून नव्हे. लास व्हेगासहून जोशुआ ट्रीकडे चाललो होतो, मोहावीच्या वाळवंटातून. रूट ६६ या जुन्या महामार्गाला लागलो, समोर काहीच नव्हतं, आणि मग त्या काहीच नसण्यात ५० फुटी पाटी उभी. लाल बाण, खाली मोटेल, कॅफे. दिवे बंद, दारं बंद, पंप बंद. पेट्रोलचा काटा तळाला आलेला, आणि हा शहाणा तिठ्यावर उतरल्यासारखा तासभर फोटो काढत बसला.

गावाच्या दक्षिणेला रस्ता ब्रिस्टल ड्राय लेक नावाच्या कोरड्या तळ्यातून जातो. तिथे लांबच लांब चर खणून खारं पाणी उन्हात आटवतात आणि त्यातून कॅल्शियम क्लोराइड काढतात. माझं लहानपण उरणच्या मिठागरांच्या कडेला गेलं. ते पांढरे वाफे पाहिले आणि गाडी बाजूला घेतली. माझ्या त्या गावाशी जडण्याचं अर्धं कारण बहुधा हेच असावं, पण हे कळायला मला दहा वर्षं लागली. तुझं कारण तुझं तू शोध. मला सांगितलंच पाहिजे असं नाही.

जागेची हकीकत तुला तुकड्यातुकड्यांत माहीत असेल, तरी एकदा सलग सांगतो. रॉय क्राउल नावाच्या माणसाने १९३८मध्ये तिथे पंप सुरू केला. पुढे त्याचा जावई बस्टर बरिस आला. गॅरेज, कॅफे, राहायच्या खोल्या हे सगळं त्याच्या काळात वाढलं. वाळवंटात वीज नव्हती, तर या गड्याने जुन्या स्टुडबेकर ट्रकमध्ये खांब घालून बार्स्टो शहरापासून तारा ओढत आणल्या, असं सांगतात. पाटी १९५९ची. सुसाट येणाऱ्या ड्रायव्हरला ती मैलभर आधी दिसावी आणि ब्रेक मारायला वेळ मिळावा, हा तिच्या आकारामागचा सगळा हिशोब. ऑफिसचं तिरकं, आकाशात घुसणारं छप्परही त्याच हिशोबातलं. आज आपण त्याला शैली म्हणतो. त्यांच्यासाठी तो धंदा होता.

१९७३मध्ये उत्तरेकडून इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग सुरू झाला आणि गाड्या तिकडे वळल्या. आपल्याकडे एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या घाटरस्त्यावरच्या दुकानदारांचं काय झालं, ते आईला विचार. ती खोपोलीची ना?

मी जाऊ लागलो तेव्हा गाव नुकतंच विकलं गेलं होतं. सॅन बर्नार्डिनोकडे भाजलेल्या कोंबडीची रेस्टॉरंटं चालवणाऱ्या आल्बर्ट ओकुरा यांनी २००५मध्ये सव्वाचार लाख डॉलरला अख्खं गाव घेतलं. अख्खं म्हणजे पोस्ट ऑफिस, चर्च, शाळेची इमारत, सगळं. २००८मध्ये पंप सुरू झाला. आणि मला, खरं सांगतो, जरा वाईट वाटलं.

मी दर वर्षी दोनदा-तीनदा जायचो. २००७च्या जूनमध्ये स्लाइड फिल्मचे सहा रोल गाडीच्या कप्प्यात विसरलो आणि दिवसभर गावाजवळच्या क्रेटरवर, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या मुखावर, भटकलो. रोल धुऊन आले ते जांभळट, उकडलेले. वर्षभराने तेच मी एका छोट्या प्रदर्शनात 'मोहावीचा रंग' म्हणून लावले, आणि लोकांनी वाखाणले! मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातून एक सवय लागली, की जागा जितकी उजाड दिसेल तितका माझा फोटो खोल. रिकाम्या खोल्यांच्या खिडक्या, उडालेला रंग, बंद पाटी. पंपावर माणूस उभा असेल तर तो आत जाईपर्यंत मी थांबायचो. कुणी मोटारसायकलवाले आले तर मनात शिव्या द्यायचो.

नोव्हेंबर २०१९मध्ये पाटीचा निऑनचा दिवा पुन्हा लागला. मी गेलो होतो. अंधार पडता पडता ती पेटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी रडलंसुद्धा. आणि मी ट्रायपॉडपाशी फुरंगटून उभा! माझी १३ वर्षांची 'विझलेली पाटी' एका बटणासरशी जुनी झाली होती. घरी जाताना लडलो नावाच्या गावापर्यंत मी स्वतःशी भांडत होतो. दिवा लागला म्हणून चिडणारा माणूस त्या जागेवर प्रेम करत होता, असं कसं म्हणायचं? मला तिचं मोडकेपण हवं होतं. ज्यांना ती जिवंत हवी होती ते तिथे वायरिंग करत होते, परवानग्या काढत होते, आणि मी त्यांना कधी फ्रेममध्ये येऊ दिलं नव्हतं. ओकुरा २०२३च्या जानेवारीत वारले. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही.

तिथलं पाणी खारट आहे. प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं. पूर्वी ते रेल्वेने यायचं. इतकी वर्षं कॅफेचा स्वयंपाक सुरू झाला नाही, खोल्या भाड्याने गेल्या नाहीत, त्यामागची मोठी अडचण हीच. तू जे 'गूढ रिकामेपण' म्हणून लिहिलंयस, ते बरंचसं पाणीपुरवठ्याचं प्रकरण आहे. त्याचा फोटो कसा काढायचा हे मला अजून जमलेलं नाही. तू बघ.

आता कामाचं. पाटी काढायचीच असेल तर दिवेलागणीला काढ. तुम्ही लोक ब्लू अवर म्हणता, मला दिवेलागण हा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण त्यात आकाशाबरोबर दिवाही आहे. सूर्य बुडाल्यावर साधारण २० मिनिटांनी आकाश आणि निऑन एका तोलात येतात. त्याआधी पाटी फिकी, त्यानंतर आकाश काळं. एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, निऑनच्या नळीवरून धर, आकाशावरून नव्हे. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल चॅनेल वेगळा बघ, कारण एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि तेवढ्यात लाल रंग फाटून पांढरा झालेला असतो. तुझ्या ३९पैकी निदान २० फोटोंत हेच झालंय. वाऱ्यासाठी ट्रायपॉडला बॅग लटकव, पण जमिनीला टेकेल इतकी खाली, नाहीतर तीच झोके घेते. लेन्स बदलायची तर गाडीत बसून.

घाई करू नकोस. तिथून दोन-एक तासांवर पाम स्प्रिंग्जला कॉफमन हाउस आहे, वास्तुकार रिचर्ड नॉयट्राचं. १९४७मध्ये ज्युलियस शुलमन या फोटोग्राफरने त्याचा संध्याकाळचा फोटो काढला तेव्हा एक्स्पोजर ४५ मिनिटं चाललं होतं. मधेच शटर बंद, घरात जाऊन दिवे लाव, विझव, पुन्हा शटर उघड. पोहण्याच्या तलावातला दिवा फार प्रखर होता म्हणून घरच्या बाईंना, लिलियन कॉफमन यांना, त्याच्यासमोर आडवं व्हायला सांगितलं. तो शांत, आरामात पहुडलेला आकार दिसतो ना, तो दिवा झाकायची युक्ती आहे.

आणि एकदा लांबची लेन्स लावून फक्त अक्षरं बघ. निऑनच्या पाटीत एकच नळी वाकवत अनेकदा दोन-तीन अक्षरं बनवतात, आणि अक्षरांमधला जो भाग वाचणाऱ्याला दिसायला नको तो काळ्या रंगाने रंगवतात. प्रकाश तिथूनही जात असतो. रंग पोपडला असेल तिथे बारीकशी लाल रेघ बाहेर येते. पाटीखाली उभं राहून वर बघणाऱ्याला ती दिसत नाही.

पुढच्या वेळी मात्र पहिले दोन तास कॅमेरा बाहेर काढू नकोस. दुकानात जा, रूट बीअर घे, गल्ल्यावरच्या माणसाशी बोल. दिवसातून किती जण 'इथे राहायला मिळेल का' विचारतात, ते विचार. फोटो काढायला परवानगी माग. ही खाजगी जागा आहे, आणि विकायला फोटो काढायचे असतील तर आधी कळवायला हवंच. मालगाडी येते तेव्हा काय काय थरथरतं ते बघ. दुपारी पाटीची सावली डांबरावरून सरकते, तिच्या मागे मागे चाल.

म्हणूनच तो बुटाचा फोटो मला आवडला. त्या तड्यात बोल्टच्या गंजाचा एक तांबूस गोल डाग आहे. तिथे पूर्वी काहीतरी रोवलेलं होतं. पंप? बाकडं? मी ती जागा १०० वेळा ओलांडली असेन, मला तो डाग माहीत नव्हता. कुठे आहे तो, नेमका? ऑफिसच्या दारासमोर की खोल्यांच्या बाजूला?

डिसेंबरात जाशील तर वाटेतल्या ट्वेंटिनाइन पाम्स गावी टाकी भर, ॲम्बॉयला पेट्रोल महाग असतं. पाणी जास्तीचं घे. पूर्वेकडून येणार असशील तर रस्ता चालू आहे का आधी बघ, पुराने तिथले जुने लाकडी पूल खचतात आणि रस्ता बंद होतो. आणि गाडीत एक जागा माझ्यासाठी ठेव. कॅमेरा मी आणणार नाही. थर्मास आणीन, आणि तो डाग मला दाखव.

तुझा,
काका