बांधावरून : करवंदाच्या कुंपणाची पत्रं

मागच्या अंकात मी आमच्या शेताच्या कुंपणाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं करवंदाची आहेत, म्हणून या महिन्यात बाकीची झाडं बाजूला ठेवते.

माझं माहेर भोरच्या बाजूचं, डोंगरातलं. तिथं करवंदाच्या जाळ्या कोणी लावत नसे, त्या असायच्याच. सासर पुरंदर तालुक्यात, पावसाच्या आडोशाचा भाग. इथं मला एकेक रोप हातानं लावावं लागलं. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं तळ दाखवला आणि अंजिराची चाळीस झाडं डोळ्यांदेखत वाळली. त्याच उन्हात बांधाच्या कोपऱ्यावर आपोआप उगवलेली करवंदाची दोन झुडपं हिरवीगार होती, आणि त्यांना आयुष्यात कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं. त्या पावसाळ्यापासून मी करवंद लावायला लागले.

ताई, माझी माण तालुक्यात दोन एकर मुरमाड जमीन आहे. तारेचं कुंपण केलं होतं, ते खांबांसकट चोरीला गेलं. शेळ्या आत शिरतात, रात्री रानडुकरं येतात. करवंदाचं कुंपण होईल का? रोपं किती लागतील?

दादा, होईल. मुरमाड जमीन ही करवंदाला अडचण नाहीच, त्याला नको असतं ते साचलेलं पाणी. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी चारशे रोपं लावली, त्यातली जवळजवळ निम्मी खालच्या अंगाला, जिथं काळी माती आणि पावसाचं पाणी थांबतं तिथं. श्रावण संपेपर्यंत ती सगळी पिवळी पडून गेली. वरच्या बाजूला, जिथं पहार मारली तर ठिणगी उडते, तिथलं एकही रोप मेलं नाही. त्यामुळे आधी बांधावर एक पावसाळा फिरून बघा. पाणी थांबत असेल तिथं चर काढून वाट करून द्या, नाहीतर तेवढ्या तुकड्यात दुसरं काही लावा.

हिशेब असा. दोन एकर जमीन चौकोनी असेल तर भोवतालचा बांध साधारण १,१८० फूट भरतो. दोन-दोन फुटांवर एक रोप धरलं तर ५९० रोपं. साडेसहाशे आणा, कारण पुढच्या वर्षी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भराव्या लागतात. डुकरं ज्या बाजूनं येतात तिथं एका ओळीवर भागत नाही. दीड-दोन फूट आत दुसरी ओळ लावा, पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध एकेक रोप येईल अशी.

फूटभर लांब, रुंद, खोल खड्डे उन्हाळ्यातच काढून तापू द्या. मृगाचा पाऊस चांगला ओलवून गेला की दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घालून लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. दुष्काळात तगणारं झाड म्हणजे लावल्या दिवसापासून तगणारं झाड नव्हे. त्याचं मूळ खाली जाऊन बसेपर्यंत ते लेकरूच असतं. मी मार्च ते मे दर दहा-बारा दिवसांनी रोपामागं तांब्याभर पाणी दिलं, बुडाशी पाचट अंथरलं, आणि तेवढं पुरलं. तुमच्याकडे ऊस नसेल तर वाळलेलं गवत किंवा भुईमुगाची टरफलं चालतील. कडबा अंथरू नका, तो जनावरांच्या तोंडचा आहे.

शेळ्यांचं म्हणाल तर मोठ्या करवंदाला त्या सहसा तोंड लावत नाहीत. पान जाड, चिवट, तोडलं की पांढरा चीक येतो, आणि काटा इंचभराहून लांब, कित्येकदा टोकाला दुभंगलेला. कोवळ्या रोपाचे शेंडे मात्र कुरतडतात. पहिली दोन वर्षं बाहेरच्या अंगाला बोरी-बाभळीच्या काट्या टाका.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत, ते सांगते. रोप गुडघ्याएवढं झालं की मन घट्ट करून फूटभर उंचीवर छाटा. माझे सासरे त्या दिवशी माझ्यावर रागावून जेवले नव्हते, वाढतं झाड कापलं म्हणून. पण छाटलं नाही तर करवंद वर छत्रीसारखं पसरतं आणि खाली मोकळं राहतं. डुक्कर वरून येत नाही, बुडातून घुसतं. छाटल्यावर जमिनीलगत फांद्या फुटतात, एकमेकींत गुंततात आणि जाळी खालपासून विणली जाते. आमचं कुंपण चौथ्या वर्षी असं झालं की मांजरसुद्धा वळसा घालून जाई. तारेचं कुंपण एका दिवसात उभं राहतं हे खरं. पण हे कुंपण कुणी चोरून नेत नाही, आणि उन्हाळ्यात फळ देतं.

आमच्या बंगल्याला करवंदाचं कुंपण आहे, पाच वर्षांचं. दर दिवाळीनंतर माळी छान सरळ रेषेत कापतो. आजवर एक फळ नाही. झाड नर असेल का? (नगरहून एक वाचक)

नाही हो, झाडात काही दोष नाही. करवंदाचा फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो. दिवाळीनंतर शेंडे कापले की जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं तुम्ही माळ्याकरवी टोपलीत भरून टाकून देता. छाटणी फळं उतरल्यावर, जूनच्या तोंडावर करा. त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कात्री लावू नका. कुंपण थोडं विस्कटलेलं दिसेल. ते तसंच दिसू द्या. जुईसारखी पांढरी फुलं आली की संध्याकाळी फाटकात उभं राहून वास घ्या, मग सरळ रेषेची आठवणसुद्धा येणार नाही.

पुण्यात चौथ्या मजल्यावर गच्चीत करवंद लावलंय. रोज न चुकता पाणी घालते, कोकोपीटही भरपूर घातलंय, तरी पानं पिवळी पडून गळताहेत.

काकू, ते रोज पाणी घालण्यामुळेच. कोकोपीट ओल धरून ठेवतं, आणि करवंदाच्या मुळांना ते सोसत नाही. कुंडी उलटी करून रोप काढा, काळी पडलेली मुळं कापा. निम्मी साधी माती, पाव हिस्सा मुरूम किंवा बारीक खडी, पाव हिस्सा शेणखत असं भरून दीड फूट तोंडाच्या कुंडीत लावा, खालचं भोक मोकळं आहे ना ते बघा. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी. दिवसभर ऊन येईल अशी जागा द्या. घरात लहान मूल असेल तर मात्र काट्यांमुळे गच्चीत हे झाड ठेवू नका असंच मी म्हणेन.

केकवर आणि पानात जी लाल चेरी असते ती करवंदाची असते, असं नणंद म्हणते. खरं का?

नणंदेचं बरोबर आहे. आपल्याकडे बेकरीत आणि पानाच्या ठेल्यावर मिळणारी ती लालभडक चेरी पुष्कळदा करवंदच असतं. बी काढून, रंग देऊन पाकात मुरवलेलं. करवंद घट्ट असतं, पाकात विरघळत नाही, म्हणून ते जमतं.

हिरव्या करवंदाचं लोणचं घातलं, ते चिकट आणि कडसर झालं. शिवाय हात दोन दिवस चिकट. कुठं चुकलं? (डोंबिवलीहून एक वाचक)

चीक राहिला, ताई. आई हे काम अंगणात करायची, पाटावर बसून, शेजारी तेलाची वाटी. हातांना आणि विळीला आधी तेल. एक किलो हिरवी, टणक करवंदं घ्यायची, फोडली तर बी अजून कोवळं दिसेल अशी. देठ काढून दोन-तीन पाण्यांतून धुवायची, अर्धी करायची, आणि फोडी तशाच मिठाच्या पाण्यात टाकत जायच्या. घंटाभरात चीक वर तरंगतो, ते पाणी फेकायचं. मग फोडी निथळून दीडशे ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून रात्रभर ठेवायच्या. सकाळी सुटलेलं पाणी काढून टाका, त्यात उरलेला कडवटपणा जातो. फोडी सावलीत कापडावर कोरड्या करा. शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, पाऊण वाटी तिखट, तळून कुटलेली चमचाभर मेथी आणि हिंग कालवा. चव बघून लागलं तर मीठ वाढवा. वरून पाव किलो तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून ओता. आठवडाभरात मुरतं. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. बिनकल्हईच्या पितळेत करवंद कधी ठेवू नका, आंबट आहे ते.

रोजच्या जेवणाला मला चटणी जास्त आवडते. मूठभर हिरवी करवंदं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि गुळाचा खडा, पाट्यावर वाटायचं. बाजरीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

काळ्या, पिकलेल्या करवंदांना मात्र विळी लावू नये. ती उभ्यानं खायची. लहानपणी आम्ही प्रत्येक करवंद दातानं अर्धं तोडून एकमेकींना विचारायचो, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. माझ्या नातवाला हा खेळ मी मागच्या मेमध्ये शिकवला आणि त्या दिवशी त्यानं जेवायलाच नकार दिला.

डोंगरातून करवंदाची तयार झुडपं उपटून आणली तर चालतील का? रोपवाटिकेपेक्षा स्वस्त पडतील.

आणू नका. एक तर ती जगत नाहीत. खडकात गेलेलं मूळ तुटल्याशिवाय निघत नाही. आणि दुसरं, ती जाळी तिथं लागते. मी माहेरच्या डोंगरात पाहिलंय, वणव्यानं आणि चराईनं उघड्या पडलेल्या उतारावर जांभळाचं किंवा हिरड्याचं कोवळं रोप दिसतं ते करवंदाच्या जाळीच्या पोटात. गुरांचं तोंड तिथं पोचत नाही. तितर, ससे तिथंच दडतात. वैशाखात द्रोणात करवंदं भरून 'डोंगरची काळी मैना' म्हणत गाडीच्या फलाटावर विकणाऱ्या ठाकर, कातकरी बायांचं चार पैशांचं उत्पन्न त्याच जाळ्यांवर आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे, डोंगरातली फळं घ्या, त्यांच्याकडून विकत घ्या, पण झुडपाला हात लावू नका.

मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात आहे. रोपं घेताना खात्री करून घ्या. मला एका रोपवाटिकेनं हेच नाव सांगून पन्नास रोपं दिली, तिसऱ्या वर्षी फळं लागली ती वाटाण्याएवढी. कुंपण म्हणून ती आजही उत्तम आहेत, पण लोणच्यासाठी तीन वर्षं वाट पाहिली होती त्याचं वाईट वाटलं.

मेमध्ये बिया काढून, उन्हात खडखडीत वाळवून डब्यात जपून ठेवल्या. पुढच्या जूनमध्ये दोनशे पेरल्या, एकही उगवली नाही. (लातूरहून एक शिक्षक)

गुरुजी, जपून ठेवल्या म्हणूनच उगवल्या नाहीत. करवंदाचं बी ज्वारी-तुरीसारखं टिकत नाही, वाळलं की त्याचा जीव लवकर जातो. पूर्ण काळं झालेलं फळ घ्या, चोळून गर काढा, बी धुवा, एक दिवस सावलीत निथळू द्या आणि लगेच पिशवीत पेरा, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. ओल राहील इतकंच पाणी. रोपं वर्षभर पिशवीतच वाढवा आणि पुढच्या मृगाला शेतात लावा. घाई असेल तर पावसाळ्यात चांगल्या झुडपावर गुटी कलमं, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून ओलं शेवाळ बांधून मुळं फोडलेली कलमं, बांधता येतात. नुसती फांदी खोचून मात्र माझ्या हाताला कधी यश आलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या आवाराला मुलांच्या हातून कुंपण करायचंय. मग बी मागवू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमची फळं काळी होतात. जेजुरीच्या दर्शनाला यायचं मनात असेल तर तेव्हा या, मासिकाकडून माझा पत्ता घ्या. येताना झाकणाचा मोठा डबा आणा. परत पोचाल त्याच संध्याकाळी फळं मुलांना वाटा, खाऊन झाल्यावर बिया पाण्यात टाकायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पिशव्या भरून तयार ठेवा.