वेगवेगळ्या काळातल्या फुटबॉलपटूंची तुलना न्यायाने कशी करायची?

पेले, मॅराडोना आणि मेस्सी यांच्यात मोठा कोण हे गोल मोजून ठरवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसते गोल मोजून नाही येणार.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं. वडील लोको शेडमध्ये होते, संध्याकाळी फुटबॉल खेळायचे. त्यांचा जुना बॉल माळ्यावर पडलेला असायचा. कातडी, आत ब्लॅडर, तोंडाला वादी. एका पावसाळ्यात मी हट्टाने तो मैदानात नेला. आमच्याकडची काळी माती बुटाला थरावर थर चढते, आणि बॉल पाणी पिऊन असा जड झाला की किक मारली की पाय झिणझिणायचा. एक हेडर घेतला तर वादीचा वळ कपाळावर उठला. वडील म्हणाले, "आम्ही दर पावसाळ्यात ह्यानेच खेळायचो." तेव्हापासून जुने आकडे मी जपून वाचतो. वर्ल्ड कपमध्ये पूर्ण सिंथेटिक बॉल आला तोच मुळी 1986 साली.

नियमांचंही तसंच. 1966 च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरिया आणि पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला अक्षरशः तुडवलं. पिवळं-लाल कार्ड आणि बदली खेळाडू दोन्ही वर्ल्ड कपमध्ये 1970 ला आले. त्यामुळे पोर्तुगालविरुद्ध पेले लंगडत लंगडत मैदानातच राहिला, त्याच्या जागी कुणाला उतरवायची सोयच नव्हती.

रावेरकडे आमच्या काकांची केळीची बाग आहे. कंद लावून, पाटाने पाणी देऊन आजोबांनी काढलेला घड आणि आजचा टिश्यू कल्चरचा, ठिबकवरचा घड एकाच काट्यावर ठेवून आजोबांना कुणी कच्चा शेतकरी म्हणत नाही. त्या साली शेजारच्या बांधावर काय पिकलं, ते विचारतात. खेळाडूचंही तेच विचारा.

मॅराडोना 1987-88 मध्ये इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला, किती गोलांवर? फक्त 15. आजच्या पोरांना हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्या मोसमात लीगमध्ये 16 च संघ होते, सामने 30, बचाव कडेकोट, आणि मागे दिलेला पास गोलकीपर बिनधास्त हातात घ्यायचा. ते बंद झालं 1992 ला. मात्र हीच फूटपट्टी उलटीही लावायला हवी. त्या यादीत दुसरा होता त्याच्याच संघातला कारेका, 13 गोलांवर. म्हणजे अंतर दोनच गोलांचं. उलट 2011-12 च्या स्पॅनिश लीगमध्ये मेस्सीचे 50, रोनाल्डोचे 46 आणि तिसऱ्या फाल्काओचे 24. एवढी दरी पाहिल्यावर "आता गोल करणं सोपं झालंय" हे म्हणणं मला पटत नाही. सोपं झालं असतं तर फाल्काओलाही झालं असतं.

माझं मत विचाराल तर वर्षानुवर्षांच्या सातत्यात मेस्सी पुढे. पण एकाच स्पर्धेपुरतं बोलायचं तर 1986 च्या वर्ल्ड कपमधला मॅराडोना. अर्जेंटिनाचे 14 गोल झाले, त्यातले 5 त्याने स्वतः मारले आणि 5 मारायला दिले. तेही प्रत्येक सामन्यात लाथा खात. हायलाइट्स नकोत, त्यातला इंग्लंडविरुद्धचा सामना पूर्ण बघा. बॉल पायात नसताना तो कुठे उभा राहतो, तिकडे लक्ष ठेवा.